दोन दगडांपासून नाल्यापर्यंत

मोहर्लीजवळून,
ता. ४ मे १९९८

व्याही धनराजभाऊ यांस मुखरूचा जय सेवा, वि. वि.

अठरा तारखेले तुमच्या बिरजूची वरात आमच्या दुर्गेच्या दारी येणार म्हणून गाव सारवून बसलं आहे. एकच विनंती. रस्त्यावरच्या रानाच्या शिवेवरल्या दोन दगडांपासून गावाच्या नाल्यापर्यंत बँड नको, फटाके नको, बोलणंही नको. उन्हाळ्यात रानातल्या माया, वाघिणी, लेकरं घेऊन पाण्यावर असतात. बाळंतिणीच्या दारात कोणी ढोल बडवते काय? वाडवडलांपासून हेच चाललं. वाजत आली तर पंच वरात गावात घेणार नाईत, अन् पोरीचा बाप मी मधातच अडकलो. विहीणबाईले सांगा, नाल्यापलीकडे पाहिजे तितकं नाचा, मीही नाचतो. लोभ आहेच, तो आटू देऊ नका.

तुमचा मुखरू

भद्रावती,
ता. ९ मे १९९८

मुखरूभाऊंस धनराजचा जय सेवा, वि. वि.

पत्र वाचून घरात भडका उडाला. बिरजूची आई म्हणते, एकुलत्या पोराची वरात मुक्यानं न्यायले ती का मयत आहे? जलालुद्दीन मास्तरचा बँड ठरला. तो वाजंन, नाईतर वरात परत फिरंन, असं हिचं म्हणणं. अन् खरं सांगतो, माझंही. वाघ काय ढोलाले भितो? राग धरू नका, माया असू द्या.

आपला धनराज

भद्रावती,
ता. २६ मे १९९८

मुखरूभाऊंस जय सेवा, वि. वि.

लग्नात तोंडानं सांगता आलं नाई, ते लिहितो. दगडांपाशी ट्रकमधून उतरलो. मास्तरनं ढोलाची काडी उचलली, मी मान हालवणार, तेवढ्यात तुमच्या गावची गुरं समोरून आली. चाळीस गुरं, गळ्यात घंट्या, अन् आवाज नाई! प्रत्येक घंटीत गवत कोंबलेलं. मागून आम्हाले घ्यायले आलेल्या बाया, पायातल्या तोरड्यांले चिंध्या बांधलेल्या. लग्नघरच्या बाया! मी काडीवर हात ठेवला. हिनं डोळे वटारले, मग त्या चिंध्या पाहून गप झाली.

नाल्याच्या वळणावर वाघीण होती. दोन पिल्लं पाणी पीत होती. दीडशे माणूस जाग्यावर थिजलं. तिनं आमच्याकडे पाह्यलं, अन् पिल्लाची मान चाटत राह्यली. फॅक्टरीच्या खडखडाटानं अर्धे बहिरे केलेले माझे कान, त्यांलेही त्या लहानग्या जिभांचा आवाज ऐकू आला.

ती उठून बांबूत गेली, तरी कोणी हालेना. पयलं पाऊल हिनंच टाकलं, चपला हातात घेऊन. मग साऱ्यांनीच काढल्या.

दुर्गा खुशीत आहे. पंचांले आमचा जय सेवा सांगा, अन् आम्हाले आपलं म्हणत राहा.

तुमचा धनराज