बंपरमागचं लाकूड

पूर्णा (भिवंडी), २ नोव्हेंबर २०२५

ती. केसरीमामास प्रितेशचा साष्टांग नमस्कार.

तुझं घशाचं ऑपरेशन झाल्यापासून फोन केला की तुझी लेक विनिताताई बोलते आणि तू नुसता ऐकतोस. मला भिंतीशी बोलल्यासारखं होतं. म्हणून तू काढलेलं हे पत्रांचं खूळ आता मलाही आवडायला लागलंय. जखम सुकली का? अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत उतरू नकोस, डॉक्टरने मनाई केली हाय.

गॅरेज चालू हाय. काल दत्तोपंत गुरुजींची पांढरी गाडी आली. त्यांच्या गंधारला तिला बॉडी किट बसवायचाय. पुढचा-मागचा बंपर, बाजूच्या पट्ट्या, सगळं फायबरचं, वर मोतिया पांढरा रंग. गाडीचं वय काय नि थाट नवरीचा! मला हसू आलं, पण तुझ्यामागे एवढं मोठं काम माझं पहिलंच, म्हणून घेतलं.

आज पुढचा बंपर उतरवला आणि डोकंच फिरलं. धडक झेलणारा आतला लोखंडी बार जागेवर न्हायच. तिथे लाकडाची फळी, तिच्यावर पत्रा, त्याच्यावर बोटभर पुट्टी. समोरून ठोकली तर काय उरेल? ही गाडी गुरुजींची सून सई रोज चालवते, मागे सहा वर्षांची पोर, आणि रस्त्याला सगळे गोदामांचे ट्रेलर. ज्याने हे केलं त्याचं तोंड एकदा बघायचंय मला. तू इथे असतास तर त्याच्या कानाखाली आवाज काढला असतास.

जेवण वेळेवर घे. माया असू दे.

तुझ्या हाताखालचा,
प्रितेश

अकलोली, ६ नोव्हेंबर

चि. प्रितेशास अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. जखम बरी हाय. कुंडात नुसते पाय सोडून बसतो.

फायबर आधी रंगाशिवाय लावून बघ. फटी जुळल्या न्हायत तर घासून जुळव, उतरव, मगच प्रायमर. रंगवून बसवायला गेलास तर कड तडकेल. मोतियाचा हात आधी पत्र्याच्या तुकड्यावर मार नि उन्हात दाराला लावून बघ.

त्या लोखंडी बारचं म्हणशील तर नवा आणून गुपचूप टाक. गुरुजी म्हातारे, उगाच जिवाला घोर. कोणाला काही बोलू नकोस. फळी जाळून टाक. उत्तर लिहीत बसू नकोस, काम आटप.

तुझा,
केसरीमामा

पूर्णा, १० नोव्हेंबर

ती. मामास नमस्कार.

फळी जाळली न्हाय. गिऱ्हाईकापासून लपवायला तू मला कधी शिकवलं न्हायस, म्हणून तुझं पत्र तीनदा वाचलं. मग त्या पत्र्यावरची पुट्टी घासत गेलो. खाली पेन्सिलीने श्री लिहिलेला, आणि तारीख २६ मार्च २०१७. प्रायमर मारायच्या आधी कोऱ्या पत्र्यावर श्री लिहायचा तुझा नेम. भिवंडीत दुसरा कोणी लिहीत न्हाय, आणि तुझं अक्षर मी झोपेतही ओळखीन.

काम थांबवलंय. किट लांबेल एवढंच गंधारला सांगितलं. गाडी अशी मी सोडणार न्हाय आणि त्यांच्याशी खोटंही बोलणार न्हाय. माझे वडील गेल्यावर तू मला पोटच्या पोरासारखा वाढवलास, स्प्रेगन हातात दिलीस. आज दिवसभर त्या गाडीसमोर बसून होतो. मामा, असं का केलंस?

प्रितेश

अकलोली, १४ नोव्हेंबर

चि. प्रितेशास आशीर्वाद.

होय, काम माझंच. गाडी तेव्हा एका दलालाची होती, पुढून ठोकलेली. त्याला पाडव्याच्या मुहूर्तावर ती द्यायची होती नि बार यायला आठवडा होता. मी फळी टाकली. पाडवा झाला की आणून दे, बदलू म्हणालो. त्याने गाडी परत आणलीच न्हाय. पाडव्याला गुरुजीच पेढे घेऊन गॅरेजात आले तेव्हा कळलं घेणारा कोण. सांगायला तोंड उघडलं नि त्यात त्यांनी पेढा घातला. मी तो खाल्ला.

पुढे भेटले की गाडी बरी हाय ना म्हणून विचारायचो, नि शरमेने आजचं उद्यावर ढकलायचो. इथल्या देवीने माझा आवाज त्यापायी नेला असं मी म्हणत न्हाय, तो तंबाखूने नेला. पण होता तेव्हा मी बोललो न्हाय.

बंपर उघडाच ठेव. गुरुवारी पहिल्या एसटीने येतो. त्या सगळ्यांना बोलावून ठेव. माझ्या वतीने एक अक्षर बोलायचं न्हाय. पाटीवर लिहून मीच सांगणार.

केसरीमामा

पूर्णा, २३ नोव्हेंबर

ती. मामास नमस्कार.

तू एसटीत बसल्यावर जे झालं ते तुला कळायला हवं. तू पाटीवर लिहायचास नि ते पुरं व्हायच्या आत गंधार तुला बोलायचा, ते बघून मला रडू आलं. गुरुजी फळी मांडीवर घेऊन बाकड्यावर बसून राहिले. मग गंधार त्यांना धरून घेऊन गेला.

सई मागे थांबली. तिने एवढंच विचारलं, की तू रस्त्यात तिच्या पोरीला हात करायचास तेव्हा तुला हे माहीत होतं का. मी हो म्हणालो. मामा, तुझ्यासाठी न्हाय म्हणता आलं असतं. जीभ रेटली न्हाय. ती रडली, आणि किल्ली माझ्याच हातात दिली. किट नको म्हणाली. नवा बार बसव, नि बसवताना मी उभी राहीन. काल बसवला. तीन तास ती उभी होती.

तुझा राग येतो आणि तुझ्यासाठी जीवही तुटतो. गंधार गावभर सांगत सुटलाय. दारावर ‘केसरीनाथ पेंटर’ हा बोर्ड तसाच हाय. उतरवू का?

प्रितेश

अकलोली, २७ नोव्हेंबर

चि. प्रितेशास आशीर्वाद.

सईला हो म्हणालास ते बरं केलंस. न्हाय म्हणाला असतास तर माझ्यासारखाच झाला असतास.

बोर्ड उतरवू नकोस. जाब विचारायला येणाऱ्याला दार सापडलं पाहिजे. सोबत कागद जोडलाय. आणखी तीन गाड्या हायत. मालकांची नावं, गावं, नि कुठे काय झाकलंय ते आठवून आठवून लिहिलंय. पहिल्याला पत्र आजच टाकलं. ते आले की आधी त्यांचं काम घे.

लोभ कमी झाला असला तर माझी तक्रार न्हाय, पण पत्र बंद करू नकोस.

केसरीमामा