अर्ध्या नावाचं गिऱ्हाईक

अब्बा, तुमचं कामशेतचं भांड्यांचं दुकान बंद होऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी मी अजून भांडीच विकते. लोणावळ्याच्या घरात एकटी बसून, कॉम्प्युटरवर. इथलं गिऱ्हाईक तोंड दाखवत नाही. कुठूनतरी नुसतं ‘डबा’ एवढंच लिहितं, आणि आमच्या साइटवर ‘मसालाडबा’ असं जोडून लिहिलेलं असलं की मशीन खुशाल सांगून मोकळं होतं, सापडलं नाही. डबा समोर असून! मग मी एकेक जोडशब्द घेते, त्याच्या पोटातले शब्द सुटे करते आणि मशीनला शिकवते, बाबा रे, मसाला म्हणणाऱ्यालाही हा दाखव आणि डबा म्हणणाऱ्यालाही. दिवसभर हेच. भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न सोडले तर घरात आवाज नाही. कधी मीच मोठ्याने विचारते, ‘काय पाहिजे, मावशी?’ आणि मग फार एकटं वाटतं.

आज यादीत ‘पुरणयंत्र’ आलं आणि हात थांबला. मी शाळेत होते तेव्हाचा कामशेतचा होळीचा दिवस, त्यात शुक्रवार. तुम्ही नमाजला गेलायत, दुकानात मी एकटी. पवनेकडच्या गावातली एक म्हातारी मावशी पायरीशी उभी आहे. “पोरी, यंत्र हाय का गं?”

“कसलं यंत्र? न्हाई,” मी पुस्तकातून मान वर न काढता म्हणते. ती “बरं” म्हणून जाते.

तुम्ही आल्यावर विचारलंत, कोण येऊन गेलं? मी सांगितलं. डोक्यावरची टोपीही न काढता तुम्ही पुरणयंत्र पिशवीत घातलंत आणि जीपने तिच्या गावाला गेलात. तोवर तिने सुजलेल्या हातांनी पाट्यावर सगळं पुरण वाटून संपवलं होतं. तुम्ही परत आलात ते तिने बांधून दिलेल्या पोळ्या घेऊन. मला म्हणालात, “गिऱ्हाईक अर्धंच नाव घेऊन येतं, बेटा. उरलेलं आपण हुडकायचं.” एवढंच. वर अम्मीला सांगितलंत, “लहान हाय, तिला समजलं नसंल.” मी खाली मान घालून दोन पोळ्या खाल्ल्या.

पुरणयंत्राचे दोन्ही शब्द आत्ता सुटे करून ठेवले. यापुढे कुणी नुसतं यंत्र म्हटलं तरी सापडेल. ती मावशी काही विचारायला यायची नाही, आणि तुम्हीही नाही. हे लिहिलेलं मी सेव्ह न करताच बंद करणार आहे. पण अब्बा, मला समजलं होतं. यंत्र वरच्या फळीवर होतं, आणि मला शिडी लावायचा कंटाळा आला होता.