कुणाचं काम आधी

३ नोव्हेंबर, सोमवार

टाळ्या! मीटिंगमध्ये चक्क टाळ्या वाजल्या. नेत्रासाठी.

सत्तावीस वर्षांची पोरगी. कंपनीत येऊन चार महिने. फळ्यावर आमचे तिन्ही कारखाने काढले — उल्हासनगर, आनंदनगर, बदलापूर. प्रत्येक प्रेस मशीनजवळ एक छोटा कॉम्प्युटर असतो, कामगार त्याला 'पेटी' म्हणतात. त्यांचे चौकोन काढले. वर एक ढग. म्हणाली, "बदलापूरच्या पेट्या अर्धा दिवस रिकाम्या बसतात आणि इथल्या दमतात. सगळ्या एकत्र धरू. इथली भरली की काम बदलापूरला. तिथेही जागा नसेल तरच क्लाउडवर." हितेशसर, आमचे प्लांट हेड, एकदम खूश. "क्या बात है, नेत्रा!"

हेच मी तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. ह्याच खोलीत. तेव्हा हेच सर — "तेजस्वी मॅडम, चाललंय ना? मग चालू द्या की."

बारा वर्षं ही सिस्टिम मी सांभाळतेय. पेट्यांना नंबर मी दिलेत!

४ नोव्हेंबर

घरी राजसीला सांगितलं. वाटलं, पोटची पोर, आईची बाजू घेईल. तर म्हणते — "नेत्राताई म्हणजे ती दसऱ्याला मशीनच्या पूजेत भेटलेली? आई, किती भारी आहे ती!"

भाजीत मीठ जास्त पडलं. पडू दे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नेत्रा स्वतःच माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, कुठलं काम आधी, कुठलं नंतर, ते तुम्ही लावून द्या ना. तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही."

बसले. दोन तास. पहिला नंबर हात-पहाऱ्याचा — प्रेसखाली हात दिसला की कॅमेऱ्यावरून पेटीला कळतं आणि ती मशीन थांबवते. जुन्या प्रेसना दुसरं संरक्षणच नाही. हे काम लांबच्या कॉम्प्युटरवर गेलं तर उशीर होणार. म्हणून नियम केला — पहिल्या नंबरचं काम जागचं हलवायचं नाही, बाकीची कुठेही पाठवा. दुसरा नंबर तयार मालाच्या फोटो-तपासणीला. मग नगांची मोजणी.

खरं सांगायचं तर मजा आली. पोरगी हुशार आहे.

संध्याकाळी तिची मेल सरांना, मला कॉपी. "तेजस्वी मॅडमच्या मदतीने." मदतीने!!

८ नोव्हेंबर

कँटीनमध्येसुद्धा 'नेत्राची सिस्टिम' म्हणायला लागलेत. बारा वर्षांत 'तेजस्वीची' कुणी म्हटलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

उद्या मोठे ग्राहक येणार. नेत्रा त्यांना सगळं चालू करून दाखवणार.

मी एक केलंय. फोटो-तपासणीला पहिला नंबर देऊन टाकला. पासवर्ड माझ्याकडे आहेच. पेट्या तुंबतील, तिच्या स्क्रीनवर चार आकडे लाल होतील, तिला जरा घाम फुटेल. एवढंच. पाहुणे गेले की होतं तसं करून ठेवीन.

११ नोव्हेंबर

जसं घडलं तसं लिहिते.

पावणेबाराला तीन नंबरच्या प्रेसवर विठाचा हात सापडला. वांगणीची विठा. नऊ वर्षं त्याच मशीनवर आहे. फोटोंनी पेटी भरली आणि हात-पहारा, आता दुसऱ्या नंबरचा, पेटीबाहेर ढकलला गेला. बदलापूरला जागा नव्हती. तिथून क्लाउडवर. मशीन थांबली — पण उशिरा. मधल्या बोटाचं पेर गेलं.

पहिला नंबर सोडून बाकी सगळं हलतं — हा नियम माझाच. आणि काल मला तो आठवला नाही. की आठवून घेतला नाही?

किंकाळी ऐकून सगळे तिच्याकडे धावले. मी कॉम्प्युटरकडे. नंबर पुन्हा होते तसे केले. मग खाली गेले. आधी नंबर, मग विठा.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सर सगळ्यांसमोर नेत्रावर ओरडले. "सिस्टिम तेरी, जिम्मेदारी तेरी! काय उत्तर आहे तुझ्याकडे?"

ती म्हणाली, "हो सर, माझीच." बास.

मी टेबलाकडे बघत बसले. खोटं कशाला लिहू — क्षणभर गोड वाटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कारखान्याची सुट्टी. वांगणीला गेले. विठा ओटीवर बसली होती, हाताला हे एवढं बँडेज. तरी सुनेला हाक मारून मला पाणी द्यायला लावलं.

"ती नेत्रा दोनदा येऊन गेली, ताई. काल माझं केस विंचरून दिलं. एका हातानं जमत नाय ना."

आणि मी जळले. अजूनही! बोट हिचं गेलं, माझ्यामुळे गेलं, आणि मला झोंबलं काय — तर नेत्रा माझ्याआधी इथे पोचली!

निघताना विठाने माझा हात धरला. चांगल्या हाताने. "त्या पोरीला कामावरून काढू नका हां. मशीनीची चूक, तिची नाय."

तोंडापर्यंत आलं होतं. "काळजी घे" म्हणून निघाले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी नेत्रा चहा घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. मग हळूच — "मॅडम, तुम्हाला काही बोलायचंय का माझ्याशी?"

"नाही गं. का?"

"काही नाही. सहज."

शिफ्टची बेल होईपर्यंत उठली नाही. चहा तसाच राहिला तिचा.

१६ नोव्हेंबर

ताट तसंच ठेवून उठले. राजसीने दोनदा विचारलं, बरं नाही का म्हणून. उद्या सांगणार. नोकरी गेली तर गेली.

१७ नोव्हेंबर

सांगितलं. सगळं. सर ओरडले नाहीत. फक्त लॅपटॉप माझ्याकडे वळवला. नेत्राची मेल, बुधवार संध्याकाळची. नंबर कुणी बदलला, किती वाजता, पुन्हा कधी फिरवला — दोन्हीकडे माझं नाव. खाली एक ओळ: "मॅडम स्वतःहून सांगतील. शनिवारपर्यंत थांबा सर, तोवर दोष माझ्यावर राहू द्या."

आज सोमवार.