घंटाघरात मत विचारण्याची रीत

४ जानेवारी
आमच्या गावच्या चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्यांचा मी कप्तान. ही देवाची सेवा. मिरवावं असं त्यात काही नाही. तरी बायको, हेझल, म्हणाली, "तू कुणाला विचारत नाहीस क्लाइव्ह, नुसतं सांगतोस." शनिवारी वार्षिक सभा आहे, कप्तानाची निवड. संकल्प: यापुढे प्रत्येकाचं मत विचारायचं. पण 'काय वाटतं?' असं फुटकळ नाही. जुनं, भारदस्त 'व्हॉट से यू?' गावच्या शाळेत हेडमास्तर असंच विचारायचे. कुणी उलट बोलत नसे.

७ जानेवारी, सराव
म्हणालो, रविवारी घंटा अर्धा तास आधी वाजवू. व्हॉट से यू? सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. आमच्या वादकांत सर्वांत जुन्या डॉट आजी म्हणाल्या, "धाडसी विचार आहे हो." धाडसी! शेजारच्या घंटेचा दोर ओढणारा गॉर्डन म्हणाला, "महाराज, मुकुट घरी राहिला वाटतं?" चेष्टेतही आदर होता. एकमताने मंजूर.

८ जानेवारी
घरी प्रयोग. चहा घ्यावा का, व्हॉट से यू? हेझल म्हणाली, "किटली तुझ्या समोरच आहे." भारावली असावी. चहा मीच केला.

१० जानेवारी, सकाळ
प्रार्थनेत नम्रता मागितली. बहुधा मिळाली.

त्याच दिवशी, संध्याकाळ
आमच्या सभेची पद्धत अशी: व्हिकरबाई, म्हणजे चर्चच्या धर्मगुरू, विचारतात, "क्लाइव्हच पुढे चालू ना?" कुणी काही बोलत नाही, आणि बिस्किटांचा डबा उघडतो. दर वर्षी हेच. यंदाही बाईंचा हात झाकणावर होता. मीच थांबवलं. म्हणालो, असं नको, एकेकाने मोकळेपणाने सांगावं, कप्तान कोण हवा. डॉट आजी, व्हॉट से यू?
आजी म्हणाल्या, "आता विचारलंसच म्हणून सांगते बाबा. गॉर्डन."
मग इतरांनाही विचारावं लागलं. त्यांनाही मतं होती. सगळ्यांचं एकच.
व्हिकरबाईंनी माझे खास आभार मानले. या घंटाघरात इतकं मोकळं बोलणं पहिल्यांदाच झालं म्हणे. बिस्किटं मऊ पडली होती.

१४ जानेवारी, सराव
कप्तान गॉर्डन. मला दाराजवळचा दोर, जिथे वारा लागतो. सर्वांसमोर म्हणाला, "रविवारचा तो अर्धा तास रद्द. क्लाइव्ह, व्हॉट से यू?"
मी बुटांकडे पाहिलं.
म्हणालो, "धाडसी विचार आहे."
एकमताने मंजूर झाला.