पत्र्याच्या भोंग्यातलं घरटं

ताईस,

मोठ्या आवाजाच्या भावाचा हळू आवाजात नमस्कार. गुडघे कसे आहेत? जिना चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम चढतेस, म्हणून म्हणत नाही. माझा घसा बसलाय. (शेजारी खूश आहेत.)

घसा बसायचं कारण आपल्या धाकट्याचं प्रदर्शन. तो गेल्यावर मित्रांनी त्याची चित्रं एका जुन्या गॅरेजात मांडली आणि उद्घाटनाला मला बोलावलं. तू आली नाहीस, म्हणून सांगतो. माणसाचे दात असलेले ससे, रडणारे आइस्क्रीमचे कोन, बशीएवढ्या डोळ्यांच्या मुली, सगळं गोळ्यांच्या वेष्टनासारखं चकचकीत. कलाशाळेतले एक प्राध्यापक पुटपुटले, "सिनेमाच्या पोस्टरला ताप आला की असं होतं." मी पेटलोच. "तापलेल्याच्या उशाशी बसायचं असतं साहेब, नाक मुरडायचं नसतं!" (माईक होता. मी बाजूला सारला.) ज्याला तुम्ही बाजारू म्हणता त्या प्लास्टिकच्या बाहुल्यांशी, कॉमिकातल्या राक्षसांशीच पोरं आपलं दुःख बोलतात, तुमच्या संगमरवरी पुतळ्यांशी नाही, असं मी टेबल बडवून सांगितलं. आणि लोक हसायला लागले. मी आणखी चढलो, ते आणखी हसले. शेवटी प्राध्यापकांनीच, फार सभ्यपणे, माझ्या पाठीमागे बोट दाखवलं.

मागे भिंतीवरच्या चित्रात मीच होतो. माझाच कोट, माझीच वर केलेली मूठ, आणि मानेवर डोक्याऐवजी पत्र्याचा भोंगा. कोटाचं लोंबतं बटणसुद्धा सोडलेलं नाही. (तू असतीस तर "मेल्याने काय काढलंय" म्हणाली असतीस, आणि मग जीभ चावली असतीस.) मीही हसलो. हसत हसत जवळ गेलो. भोंग्याच्या आत गवताचं घरटं होतं, आणि त्यात ते बशीएवढे डोळे मिटून एक पोर झोपलं होतं. आई गेल्यावर तू कामावर असायचीस, मी धाकट्याला सभांना न्यायचो, मंचाखाली चादर टाकून झोपवायचो, आठवतं? मला वाटायचं, भाषणाला कंटाळून झोपतो. पण भाषण संपलं की जागा व्हायचा आणि रडायचा.

तर ताई, मी गप्प झालो. भर सभेत. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणालाच कळेना. प्राध्यापकांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः त्या चित्रासमोर उभे राहिले, बराच वेळ.

जप स्वतःला.

तुझा,
भोंगा

ता. क. : मित्रांना त्याने काढलेलं तुझं चित्रही प्रदर्शनात हवं होतं. मी नाही म्हटलं. "मला मासा केलं" म्हणून तू ते कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलंयस, हे सांगितलं नाही.

आणखी एक : त्या माशाच्या पोटाशी एक पिवळा ठिपका आहे. लांबून डाग वाटतो. तो डाग नसणार. मी जवळून पाहिला नाही, तो तुझा आहे. एवढंच कर, चित्र फिरव आणि चष्मा लावून जवळ जा.

आणि शेवटचं : बघून झालं की फोन कर. तुला बोलायला लावणार नाही. घसा बसलाय खरा, पण मी बोलत राहीन, थांबणार नाही.