सोनोग्राफीची चिठ्ठी

केडगाव, रविवार

प्रिय एडविन,

काल घरच्या ग्रुपवर तू पुन्हा तो व्हिडिओ टाकलास. 'सात दिवसांत गाठ विरघळवणारा काढा.' खाली जोडलेले हात. आईला जाऊन दोन वर्षंही झाली नाहीत, एडविन! फोन केला असता तर मी ओरडले असते आणि तू "ताई, नंतर बोलू" म्हणून ठेवला असतास. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

आई किती दिवस सांगत होती. "लई खात न्हाई गं, अर्ध्या भाकरीतच पोट भरतंय." हातपाय काडीसारखे झाले आणि पोट एवढं वाढलं, की नेहमीची साडी निऱ्यांना पुरेना. सारखी लघवीला उठायची. औषधाच्या दुकानातून गॅसच्या गोळ्या आणल्या. चर्चच्या शिबिरात गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी झाली, ती चांगली आली, आणि आपण निर्धास्त झालो. त्या तपासणीत अंडाशयाचा कर्करोग कळत नाही, हे मला आई गेल्यावर समजलं. मी शाळामास्तरीण, पण आईसाठी एका डॉक्टरला धड चार प्रश्न विचारले नाहीत. मला माझाही राग येतो.

पण शेवटी गावच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीची चिठ्ठी दिली, ती तू दोन महिने शर्टाच्या खिशात ठेवलीस. "आधी काढा देऊन बघू." आई नाक दाबून प्यायली, तुझं मन राखायला. पुढे पुण्यात पोटातलं पाणी काढताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लवकर आणायला हवं होतं." तू बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडलास. मला तुझी दया आली आणि मी गप्प बसले. चुकलंच माझं.

नंतर मी कर्करोग रुग्णालयातली मराठी पुस्तिका आणून वाचली. पोट फुगणं, लवकर भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवी लागणं, यातलं काही नव्यानं सुरू झालं आणि दोन-तीन आठवडे थांबलं नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवायचं. बहुतेकदा साधंच काही निघतं. पण दाखवायचं.

नुसता व्हिडिओ असता तर मी चरफडून गप्प राहिले असते. आज सकाळी ज्योतीचा फोन आला. तुझी बायको मला चोरून फोन करते! "ताई, महिना झाला, पोट फुगतंय, जेवण जात नाही. यांनी काढा सुरू केलाय. त्यांना सांगू नका." मी सांगतेय. तिच्यावर चिडलास तर गाठ माझ्याशी आहे. संगमनेरच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंची पुढच्या सोमवारची वेळ घेतलीय. आदल्या दिवशी मी तुमच्या घरी, अकोले गावात येते. तू येणार असशील तर गाडी काढ. नसशील तर आम्ही दोघी एस.टी.नं जाऊ, पण जाणारच. भाऊ म्हणून मला तू हवायस रे, पण ज्योती आधी.

चिडलेली, तरीही तुझीच,
प्रार्थनाताई