पुलावरचा घोडेस्वार

यज्ञेश,

आईकडे आंबिवलीला चाललेय, उद्या येईन. वरण-भात झाकून ठेवलाय, गरम करून घे.

आज घरून काम होतं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर आपल्या ऑनलाइन गेमचा नवा भाग उघडला. रविवारी मिळून सुरू करायचं ठरलेलं, पण मला राहवलं नाही. दलदलीचा प्रदेश फार सुंदर केलाय. तिथल्या गावावर मात्र माझा भरवसा नाही. भेटेल तो गोड बोलतो, न मागता तलवार हातात देतो. सगळे मिळून काहीतरी लपवतायत.

गावाबाहेरच्या पुलावर समोरून एक घोडेस्वार आला. डोक्यावर तुझं नाव होतं. मी लिहिलं, “अरे, तू इथे?” तू तिथल्या तिथे गायब झालास. लगेच फोन लावला, तर म्हणालास, “मीटिंगमध्ये आहे गं, नंतर बोलतो.” तुझ्या मागे पोरं ‘आउट, आउट’ ओरडत होती.

नोकरी गेली असेल तर सांग. मी भांडणार नाही. पण रोज सकाळी मी भरून दिलेला डबा तू कुठे बसून खातोस, एवढं मला कळू दे.

हेमांगी